चुन्याची खूण

"तुला कुणी सांगितलं व्हतं घासाया?" सोनबा अंगणातच ओरडला.

"सांगाया कशाला पायजे? आज खंडेनवमी हाय. अवजार घासूनच पुजत्यात," त्याची बायको मुक्ताबाई म्हणाली.

पोत्यावर गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांत पडला होता, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा हा लांब दांडा. त्याला मधोमध पेलणारं बेअरिंग खडखडायला लागलं, म्हणून सोनबानं काल तो उतरवून नवं बेअरिंग बसवून आणलं होतं. तुकडे सोडवताना दोन्हींवर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट ओढलं होतं. रेघेला रेघ लावूनच पुन्हा जोडायचं, नाहीतर गाडी थरथरते. बाईनं इमानानं राख लावून घासला. ग्रीस गेलं, चुनाही गेला.

"अगं, खूण व्हती ती!"

"मला काय ठावं? तुमी चुन्याची बोटं भिंतीलाबी पुसता. त्याबी खुणाच म्हणायच्या का? छिन्नीनं घाव घालायला काय झालं व्हतं?"

सोनबानं फूल बाजूला ठेवून तुकडे उचलले. मांजरी गावातल्या त्याच्या उसाच्या रानात आता इमारती होत्या. उरली होती ती ही गाडी. ती कंप्युटरच्या कंपनीत पोरापोरींची ने-आण करायची. गाडी फार थरथरते अशी तक्रार गेली, आणि तिथल्या साहेबानं बजावलं, उद्या तपासू, थरथरली तर दुसरी लावू. त्यांना कुठला आलाय दसरा!

दोन्ही तुकड्यांच्या टोकांचे काट्यासारखे सांधे एका रेघेत हवेत, एवढं त्यानं नजरेनं जुळवलं. पण सुलटं बसलं की उलटं, हे आता गाडीच सांगणार. तो मुक्ताबाईला म्हणाला, "मागं बस. पायाखाली थरथर लागली की बोल."

ती बिचकतच बसली. गाडी दारात आल्यापासून ती कधी आत बसली नव्हती, जागा कंपनीच्या माणसांची. सोलापूर रस्त्याला वेग धरताच ती ओरडली, "आवं, दात वाजाया लागलं!"

परत अंगण. सोनबा पुन्हा गाडीखाली उताणा. खांदे भरून आले, डोळ्यांत माती पडली. मुक्ताबाई उकिडवी बसून नट आवळायचे पाने देत राहिली. पहाटेपासून तिनंही पाठ टेकली नव्हती. एक तुकडा अर्धा फेर फिरवून त्यानं शाफ्ट पुन्हा चढवला.

पुन्हा रस्ता. वेग वाढला.

"लागतंय का काय?"

उत्तर नाही.

"मुक्ते, राग आला व्हय?"

त्यानं आरशात पाहिलं. काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती. काचेवरचं डोकंसुद्धा हलत नव्हतं. सोनबाचा जीव भांड्यात पडला. सकाळी उगीच ओरडलो, असं त्याला फार वाटलं.

घराचं वळण आलं. त्यानं गाडी सरळ पुढं नेली.