जेवढा पाय, तेवढा ब्रेक

मित्रांनो, माणसे म्हातारी झाली की गुडघ्यांविषयी बोलतात. मी जुनी मोटार आहे, म्हणून ब्रेकविषयी बोलते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा निळा रंग डोळ्यांत भरायचा. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या एका नर्सबाईंनी मला घेतले. टेकडीवरच्या अरुंद रस्त्यांवर आम्ही दोघींनी कितीतरी वर्षे काढली. माझे काही दुखले-खुपले तर बाई नुसत्या आवाजावरून ओळखत.

हल्लीच्या गाड्यांत ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असते. माझ्यात ती नाही. चाके जाम झाली की मी नुसती घसरत जाते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, मी वळत नाही.

एकदा माझे ब्रेक पॅड झिजले आणि मी उतारावर किंचाळू लागले. बाईंचे धाकटे भाऊ धावून आले. घरात त्यांना सगळे तुफानमामा म्हणत. त्यांनी हौसेने फार जबर पकडीचे पॅड आणून बसवले.

"ताई, आता बघ! नुसता पाय लावलास तरी गाडी जागच्या जागी उभी!"

कोरड्या रस्त्यावर मीही ऐटीत थांबत असे. पण एका सकाळी रस्ता ओला होता. वळणावर एक आजोबा पोत्यांची हातगाडी ढकलत होते. बाईंनी नेहमीसारखाच पाय दिला. पॅडांनी चाकाबरोबर फिरणारी डिस्क करकचून आवळली, चाके जाम झाली आणि मी सरळ आजोबांच्या दिशेने घसरले. बाईंनी चटकन पाय उचलला. चाके फिरली, मी वळले आणि हातगाडीला चाटून पुढे गेले.

"अहो बाई, अंगावर घालताय की काय!" आजोबा ओरडले.

बाईंनी उतरून माफी मागितली आणि धक्क्याने पडलेले पोते उचलून दिले.

घरी आल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "माझी लेक याच गाडीवर चालवायला शिकणार आहे. ती घाबरली की पूर्ण जोर लावेल. मग रे? की विकूनच टाकू हिला?"

विकायचे! मित्रांनो, ते ऐकून मला कसे वाटले असेल?

"पॅड उत्तमच आहेत ताई. तुझाच पाय जड."

"मग तू चालवून दाखव."

मोकळ्या मैदानावर गॅरेजच्या मिस्त्रींनी पाणी शिंपडले. मामांनी मला पळवले, ब्रेक दाबला, आणि मी घसरले. पुन्हा दाबला, पुन्हा घसरले. शेवटी मामा डोके खाजवत उतरले.

"नाक कापलं की गं माझं!" म्हणत ते स्वतःच हसले.

मिस्त्रींनी मग दुसरे पॅड बसवून दिले. त्यांच्यावर मी थांबायलाच तयार नव्हते. तिसरे मात्र वेगळे होते. हलका पाय, हलका ब्रेक. जास्त पाय, जास्त ब्रेक. चाक जाम होण्याआधी पायाला कळायचे.

"हेच," बाई म्हणाल्या. "जेवढा पाय, तेवढा ब्रेक."

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावेपर्यंत मामांनीच मला हळूहळू चालवले, बेताबेताने थांबवले. मग लेक शिकली. मित्रांनो, आम्हा जुन्यांसाठी काही आणाल, तेव्हा सर्वांत जबर काय ते शोधू नका. आम्हाला काय झेपेल ते बघा.

परवा लेक मला टेकडीवरून उतरवत होती. शेजारी बसलेल्या बाईंचा पाय उगीचच खालच्या पत्र्यावर दाबला जाई, जणू तिथेही ब्रेक होता. काही वळणांनंतर तो दाब थांबला.

"आई, बरोबर चाललंय ना?"

बाईंना गाढ झोप लागली होती. लेकीने अलगद पाय ठेवला, आणि मीही आवाज न करता वेग कमी केला.