सावलीतला ट्रॅक्टर

मुकादमानं मालकाचा ट्रॅक्टर पत्र्याच्या सावलीत आणून उभा केला, तेव्हा म्हातारी कापलेल्या गव्हाची पेंढी बांधत होती. जेवणाची सुट्टी झाली होती. मागून तिची सून येत होती. सातवा महिना, एक हात कमरेवर.

"मुकादमा, हे धूड इथं कशाला?"

"नवाकोरा आहे मावशे. उन्हात तापतो."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला सवय आहे की!"

खोटं नव्हतं. म्हातारीची उभी हयात बांधावर, उन्हात जेवण्यात गेली होती. मालकाच्या बापानं तिच्या नवऱ्याला गुरासारखं झोडपलं, तेव्हा गावानं हूं की चूं केलं नाही. एका साली अर्ध्या मजुरीवर कापणी झाली; त्या साली तर लोक दारात जाऊन 'तुमची कृपा' म्हणून आले. असले लाचार. मग गेल्या कापणीला मालकाला दया आली आणि त्यानं चार खांबांवर पत्रे टाकले. घात तिथंच झाला. माणूस एकदा सावलीत जेवला की त्याला ऊन लागायला लागतं.

सून बांधावर टेकली, दोन घास खाल्ले आणि आडवी झाली. डोळे पांढरे. म्हातारीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि ट्रॅक्टरकडे बघितलं. तो गारेगार उभा होता.

"उठा गं," ती कापणीच्या बायकांना म्हणाली. "डबे उचला."

"कुठं?"

"जेवायला."

मालकाच्या दारात सगळ्यांनी चपला ओळीनं काढल्या, नळावर पाय धुतले. उगाच कुणी नावं ठेवायला नकोत. मग बैठकीच्या खोलीत पंगत धरली. सुनेला दोघींनी धरून आणलं होतं; तिला मधोमध, पंख्याखाली निजवलं.

मालक तोंडातल्या घासासकट बाहेर आला. "हे काय चाललंय?"

"जेवतोय मालक," म्हातारी म्हणाली. "मीठ असलं तर द्या थोडं."

"आधी बाहेर व्हा! एकेकीला कामावरून काढीन!"

"काढा की. गहू ट्रॅक्टरला कापायला सांगा. आला नाही का अजून सावलीतून?"

मालकानं खिडकीतून बघितलं. शेतात गहू उभा, आणि पश्चिमेकडून आभाळ काळं होत चाललेलं. त्यानं मुकादमाला हाक मारली.

"ट्रॅक्टर बाहेर काढ."

"पण मालक, उन्हात तापतो..."

"तापू दे मेल्याला!"

संध्याकाळी मालक शेजारच्या बागाईतदाराला सांगत होता, "मारलं तरी चालतं, उपाशी ठेवलं तरी चालतं. सावली तेवढी देऊ नये." जन्मात एवढं एकच शहाणपण बोलला.

दुसऱ्या दिवशी बायका पत्र्याखाली जेवायला बसल्या. सून म्हणाली, "आई, मिळाली ना सावली? आता तरी हसा."

म्हातारी तापलेल्या पत्र्याकडे बघत होती.

"सावली आहे गं. वारा कुठंय? त्या पंख्याची तार कुठून येते, बघून ठेव."