भिमामावशी बोलली नाही

पोलीस दारात आले की तोंड उघडायचं नाही. अंबरनाथ पूर्वेला आमच्या विहारात मी हे दर रविवारी शिकवायचे. उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करत आयुष्य घासलंय मी, आणि बघितलं काय, तर आपली माणसं हवालदाराला चहा देतात आणि चहाबरोबर स्वतःचा पोरगापण देऊन टाकतात. डोकं फिरायचं माझं! म्हणून वर्ग काढला. मीच हवालदार व्हायचे. काठी आपटून खेकसायचे, "काय गं ए, पोरगा कुठंय तुझा?" बायका हसून हसून लोळायच्या. फक्त भिमामावशी हसायची नाही. ताठ बसून म्हणायची, "आमच्या वकीलबाईला इचारा." तिला पैकीच्या पैकी मार्क.

तिला हसू कुठून येणार? चाळीजवळच्या मारामारीत एकाचा जीव गेला, तेव्हा तिचा सम्यक त्या घोळक्यात होता. साध्या कपड्यातल्या पोलिसानं गोड बोलून विचारलं आणि ही बाई भोळेपणानं सांगून बसली की पोरगा रात्रभर घरी नव्हता. तिथूनच तपास त्याच्यापर्यंत पोचला. केस मी लढले आणि हरले. जन्मठेप लागली. तेव्हापासून सम्यक नाशिकला जेलात, आणि मावशी पोलीस दिसला की रस्ता बदलणार.

यंदा तिचा नवरा धोंडिबाकाका अंथरुणाला खिळला. लिव्हर गेलं होतं. घरी न्या, म्हणून डॉक्टरांनी सांगून टाकलं. काकांचं एकच चाललेलं, "पोराचं तोंड बघितल्याबिगर मी जानार न्हाई." मी सम्यकच्या पॅरोलचा अर्ज केला. बाप शेवटच्या घटका मोजतोय, पोराचं जेलमधलं वागणं चांगलं, डॉक्टरचा दाखला जोडलेला. अजून काय पाहिजे? "काका, पोरगा आलाच समजा," असं मी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं. आगाऊपणा, दुसरं काय!

पॅरोल द्यायच्या आधी पोलीस घरी चौकशीला येतात. कैदी आला तर घरचे त्याला ठेवून घेणार का, हे विचारतात. घरच्यांनी फक्त हो म्हणायचं असतं. मला हे झोपेतसुद्धा माहीत आहे. मावशीला सांगायचं तेवढं राहिलं. त्या आठवड्यात हेंद्रेपाड्यात मीटिंग होती, चामटोलीच्या एका पोराचा जामीन होता, कोर्टात तारखांवर तारखा होत्या. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

अर्ज नामंजूर झाला. मी पोलिसांना शिव्या घालतच मावशीच्या घरी शिरले. "चौकशीलासुद्धा आले नसतील मेले!"

"आलता की हवालदार," मावशी म्हणाली. "सम्यकला घरात घ्याल का, म्हनून इचारत व्हता. पुन्हा पुन्हा इचारलं. मी दाद दिली न्हाई. आमच्या वकीलबाईला इचारा म्हनले, की गेला निघून." आणि माझ्याकडे बघून हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसली हो ती! शाबासकी पाहिजे होती तिला.

तो हवालदार मला एक फोन करू शकत नव्हता? पण त्याच्यावर तरी किती चिडू?

"बरोबर केलंत मावशी," मी म्हणाले. खरं सांगायची हिंमतच झाली नाही. कॉटवरून काका विचारत होते, "कधी येतोय गं?" सरकारी काम आहे, उशीर लागतो, असं सांगून मी बाहेर पडले. मग हायकोर्टात धावले, हातापाया पडायची पाळी आली. सुनावणीची तारीख लागायच्या आतच काका गेले.

निदान अंत्यविधीला तरी पोराला सोडा, म्हणून मी सकाळीच जेलला अर्ज पाठवला. दुपारी तोच हवालदार दारात आला. चांगला माणूस होता बिचारा, चपला बाहेर काढून आत आला, हात जोडले. मग हळूच विचारलं, "मावशी, मुलाला सोडलं तर घरात ठेवून घ्याल ना?"

मावशी काकांच्या डोक्याशी बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"वकीलबाई, आता बोलू का?"

"बोला मावशी. सगळं बोला."

आणि ती बोलायला लागली. पोरगा माझा हाय. ह्याच घरात ऱ्हानार. त्याची गोधडी मी दर रविवारी विहारात जायच्या आधी उन्हात टाकते. त्याला सुकटीची चटनी लागते, ती डब्यात भरून ठिवलीय. हवालदार "झालं मावशी, बास" म्हणत होता, पण ती काही थांबेना. बोलता बोलता तिनं काकांच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांच्याकडे वाकली.

"अवं, ऐकलं का? मी हो म्हनले. येतोय त्यो."