घर गेलं, धुराडं राहिलं

मित्रांनो, मी विटांचं एक जुनं धुराडं. माझ्याखाली घर होतं, आता नाही. येणारे-जाणारे मला पाहून चुकचुकतात आणि गाडी पुढे नेतात.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या छोट्या गावात रेमंड पेलेटिएने मला स्वतःच्या हातांनी बांधलं. काय ऐट होती माझी! हिवाळाभर माझा धूर थांबत नसे. शनिवारी शेगडीवर बीन्सचं मडकं चढायचं आणि वासाने शेजारी गोळा व्हायचे. "रेमंड, धुराडं धूर झकास ओढतंय हं तुझं," असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची. रेमंड गेला. त्याची मुलगी लोरेन कामाच्या रगाड्यात मला साफ करायचं विसरली. माझ्या पोटात काजळी साचत गेली. एका जानेवारीत त्या काजळीनेच पेट घेतला आणि घर जळून गेलं.

शेजारच्या मर्लने लोरेनला खिडकीतून ओढून बाहेर काढलं. ती इस्पितळात पडून असताना त्याने आपलं खोदायचं यंत्र आणलं आणि जळका पाया उखडून टाकला. "परत येईल तेव्हा हे काळं तरी दिसू नये बिचारीला," म्हणाला. पण विचारलं कोणाला? कोणालाच नाही! माझ्यावर मात्र त्याचा हात उठला नाही.

तिथेच सगळं बिघडलं. आमची जागा अरुंद. जुन्या पायावर घर पुन्हा बांधता येतं. पाया नसला की हद्दीपासून अंतर सोडायचे नवे नियम लागतात, आणि त्या नियमांत इथे कोंबड्यांचं खुराडंही बसत नाही. गावच्या कचेरीने बांधकामाची परवानगी नाकारली. लोरेनने मंडळाकडे अपील केलं. मंडळ म्हणजे गावातलीच पाच माणसं. ती जागा पाहायला आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. लोरेन होती, शेजारून मर्लही आला होता.

"पाया कोणी काढला, लोरेन?" अध्यक्ष आर्डिसबाईंनी विचारलं. "तुझ्या नकळत काढला असेल तर सूट देता येईल गं. ज्याने काढला त्याचा धंद्याचा परवाना मात्र जाईल. आणि तूच काढायला लावला असशील, तर आमचे हात बांधलेले आहेत."

लोरेनने मर्लकडे पाहिलं. मर्लने बुटांकडे पाहिलं. त्या यंत्रावरच त्याचं पोट होतं. माझा जीव आतल्या आत ओरडत होता, बोल की मेल्या! दातखीळ बसली का?

मग लोरेन म्हणाली, "मीच सांगितलं होतं."

"अगं, नक्की ना? एकदा नोंद झाली की संपलं."

"सांगितलं ना, मीच!"

अपील फेटाळलं गेलं. लोरेन परगावी बहिणीकडे एका खोलीत राहायला गेली. जाताना तिने माझ्या विटांवर हात ठेवला. मर्लच्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही.

आता बर्फ पडला की मर्ल येतो. जिथे कोणी राहत नाही तिथली वाट साफ करतो, मग माझ्यापाशी उभा राहून सगळं खरंखरं सांगतो. "मी भ्यालो गं, लोरेन," म्हणतो आणि ढसाढसा रडतो. मला सांगून काय उपयोग, मित्रांनो? मी तर विटांचा ढीग. खरं बोलायचं असेल तर ज्याचं घर त्यावर अडलंय त्याच्यासमोर बोला, आणि वेळेवर बोला. नंतर ऐकायला माझ्यासारखं कोणीतरी उरतं, आणि मला काहीच करता येत नाही.