थट्टेच्या खालचं

सोफावाला एका बोटाने टाइप करायचा. गल्लीत सगळे त्याला सोफावालाच म्हणत, कारण दुकानाच्या दारात कायम कुणाचा तरी सोफा स्प्रिंगा बाहेर काढून पडलेला असायचा. मागच्या कोपऱ्यात, कापडाच्या गुंडाळ्यांच्या आड, बायकोचं टेबल होतं आणि त्यावर कॉम्प्युटर. बिलं ती करायची. बिलं झाली की 'कट्ट्या'वर जाऊन बसायची.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची गप्पांची जागा. तिथे प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. यंत्रं माणसाच्या नोकऱ्या खाणार की नाही, टॉवरने डोकं दुखतं की नाही, सरकारने नेट कधी बंद करावं आणि कधी नाही. खरं नाव कुणाचंच नव्हतं. बायको तिथे 'शेजारीण' होती. लोक तिला काहीही विचारत आणि ती उत्तर देई. आधी थट्टा, मग खाली कामाचं. थट्टा लिहून झाली की खुर्ची फिरवून त्याला वाचून दाखवायची. तो हसायचा आणि पुन्हा शिलाई मशीन सुरू करायचा. खालचं काय असेल ते मशीनच्या आवाजात जायचं.

ती गेली हे कट्ट्याला माहीत नव्हतं. तिथला नियम असा होता की सभासद गेल्याचं कळलं की खात्याला कुलूप. जुनं लिहिलेलं राहणार, नवीन लिहिता येणार नाही. या नियमावरही तिथे हमरीतुमरी झाली होती. तेव्हा बायकोने लिहिलं होतं, "माझं खातं लगेच बंद करा बाबांनो, नाहीतर आमचे हे माझ्या नावाने अक्कल वाटत बसतील." तो पोट धरून हसला होता.

आणि आता तेच करत होता. सुरुवातीला नुसतं "बरोबर" एवढंच लिहिलं. लगेच कुणीतरी विचारलं, "शेजारीण, होतीस कुठे इतके दिवस?" त्या एका ओळीसाठी तो रोज दुकान उघडलं की आधी त्या खुर्चीत जाऊन बसू लागला.

एके दिवशी दुपारी मेहुणी जेवणाचा डबा घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिलं.

"भावोजी, हे अजून चालूच आहे?"

"चाललंय आपलं. कुणाचं काय जातंय?"

"ताईचं जातंय. सांगून टाका ना लोकांना."

"सांगतो."

"तुमचं 'सांगतो' म्हणजे 'उद्या सोफा देतो'सारखं."

"बरं, हे तरी बघ," तो म्हणाला. "आज जमलंय. अगदी तिच्यासारखं."

'नवखा' नावाच्या कुणीतरी सकाळी विचारलं होतं, "जुन्या फोनची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण वर आलंय. काय करू?" त्यावर सोफावाल्याने लिहिलं होतं, "फुगलीय ना? टाचणी घे आणि टोच. फुगलेल्या नवऱ्यांनाही हाच उपाय."

मेहुणी हसली. मग तिचं हसू ओसरलं.

"खाली?"

"खाली काय?"

"ताई थट्टेखाली लिहायची ना. 'थट्टा संपली' म्हणून. ते कुठंय?"

मेहुणीने माऊस हातात घेऊन पान खाली सरकवलं. नवख्याचं उत्तर येऊन पडलं होतं. "धन्यवाद शेजारीण. टाचणी आहे घरात. खोली एकच आहे आणि बाळ रडतंय. ते झोपलं की करतो."

"भावोजी," मेहुणीचा आवाज खाली गेला, "बॅटरी टोचली की भडका उडतो."

"थट्टा होती ती."

"त्याला कुठे माहीत आहे? नवखा आहे तो."

सोफावाला खुर्चीत बसला आणि अक्षरं शोधू लागला. ट सापडेना. मेहुणी म्हणाली, "सरका, मी लिहिते," आणि तिने भराभर लिहिलं, "टोचू नकोस. सकाळचं थट्टेत होतं. बॅटरी पेट घेईल."

उत्तरं आली, पण नवख्याची नव्हती.

'रिकामटेकडा' म्हणून एकजण तिथे चोवीस तास पडीक असायचा. त्याने लिहिलं, "मी दोनदा टोचलीय. काही होत नाही. कंपन्या घाबरवतात, नवीन फोन खपावेत म्हणून." दुसऱ्याने लिहिलं, "शेजारीण आपला शब्द कधी फिरवत नाही. खातं कुणीतरी पळवलंय." तिसरा म्हणाला, "सकाळचं तिचंच. थट्टा ओळखू येते. हे नंतरचं चोराचं." मग खाती पळवणाऱ्यांना काय शिक्षा असावी, पासवर्ड किती लांब असावा, यावर त्यांची आपापसात जुंपली.

आणि त्या गदारोळात नवख्याची एक ओळ आली. "मग खरं कोणतं? बाळ झोपलं आत्ताच."

"त्याला फोन लाव," सोफावाला म्हणाला.

"कुठे लावू? इथे नंबर नसतो भावोजी. नावसुद्धा नसतं."

"मग काय नुसतं बघत बसायचं?"

"थांबा. ताईने पूर्वी कधीतरी बॅटरीवर लिहिलं असेल."

ती शोधू लागली. पडद्यावरून बायकोची जुनी उत्तरं सरसर वर जात होती आणि प्रत्येकात थट्टेखाली भलीमोठी मजकुराची पट्टी होती. एवढं सगळं ती लिहायची? मेहुणी थांबली.

"आमच्या ह्यांच्या फोनची बॅटरी फुगली," बायकोने लिहिलं होतं. "हे टाचणी घेऊन निघाले, जणू गादीतली हवा काढायचीय. म्हटलं, आधी स्वतःला टोचा, तुम्ही जास्त फुगलाय."

मग एक ओळ मोकळी. मग, "थट्टा संपली, आता नीट वाच. टोचायची नाही. दाबायची नाही. चार्जर लावायचा नाही. फोन बंद करून उघड्या फरशीवर ठेवायचा, आसपास कापड-कागद नको, आणि दुरुस्तीवाल्याला दाखवायचा. मी यांच्या हातातून टाचणी हिसकावून घेतली. यांना वाटलं मी चिडले. चिडले नव्हते. पाय कापत होते माझे."

तो दिवस सोफावाल्याला आठवत होता. एका टाचणीवरून एवढा तमाशा कशाला, म्हणून तो संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता. रात्री तिने थट्टा वाचून दाखवली तेव्हा राग गेला. तेवढीच त्याच्या डोक्यात राहिली होती.

"हे टाकू?" मेहुणीने विचारलं.

"चोराने जुनं उचललं म्हणतील. ऊठ. मी लिहितो."

"खरं लिहिलंत तर कुलूप लागेल."

"लागू दे."

तो एका बोटाने लिहू लागला. मेहुणी मागे उभी होती, तिला त्याचं बोट धरून भराभर चालवावंसं वाटत होतं.

"शेजारीण वारली. मी तिचा नवरा. सकाळचं मी लिहिलं, तिच्यासारखं दिसावं म्हणून. मला तिची थट्टाच ठाऊक होती. खालचं तिचं आहे. ते ऐक. टाचणी ठेव."

मेहुणीने त्याखाली जुनं उत्तर चिकटवलं आणि पाठवलं.

कट्टा गप्प झाला. रिकामटेकडाही. एरवी भरून वाहणारं पान जिथल्या तिथे थांबलं. मेहुणीने ते पुन्हा उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं.

"झाला का हो सोफा?" दारातून एका बाईने विचारलं.

"उद्या," दोघे एकदम म्हणाले. बाई दोघांकडे पाहत निघून गेली.

"त्याने आधीच टोचली असेल तर?" सोफावाल्याने विचारलं. मेहुणीने पुन्हा पान उघडलं.

"टाचणी हातातच होती," नवख्याने लिहिलं होतं. "ठेवली. पण फोन पलंगावर आहे, बाळाच्या पायाशी. आणि गरम लागतोय. हात लावू का?"

त्याच्याखाली कट्टा चालवणाऱ्याची ओळ होती. "वाईट वाटलं. नियमाप्रमाणे खातं बंद करतोय. या माणसाला उत्तर द्या, मग कुलूप लावतो."

"मी लिहू?" मेहुणीने विचारलं.

"नको." बोट आता अक्षरं शोधत नव्हतं. "फोन राहू दे. आधी बाळाला उचल आणि बाहेर जा. बाहेरून अग्निशमनवाल्यांना फोन कर. गरम बॅटरीला हात लावू नकोस. फोन गेला तर जाऊ दे, खोली गेली तरी जाऊ दे."

"वर काही?" मेहुणी हळूच म्हणाली. "थट्टा?"

"ती मला येत नाही," तो म्हणाला आणि त्याने पाठवून दिलं.

लिहायची चौकट पडद्यावरून गेली. तिच्या जागी करडी पट्टी आली. दोघे त्या पट्टीकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने वर एक ओळ उमटली. "बाहेर आहोत. अग्निशमनची माणसं आली होती, फोन बादलीत घालून घेऊन गेली. बाळ उठलंय, भोकाड पसरलंय. तुमचे आभार कुठे मानू, काका?"

उत्तर द्यायला जागा नव्हती. मेहुणीने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो बाजूला सरकवला, पान बायकोच्या अगदी पहिल्या उत्तरापर्यंत मागे नेलं आणि थट्टा सोडून खालचं वाचायला घेतलं. शिलाई मशीन बंद होतं.