आंबट वासाची बिंदगी

नाक धरून ऐकणार असाल, मित्रांनो, तर आधीच सांगा. मग मीही तोंड उघडायची नाही. मी एक जुनी बिंदगी आहे, आंबील ठेवायचं मातीचं मडकं. एरवी माझ्या तोंडाशी वाकून "शी!" म्हणायचं आणि वेळ अमावास्येच्या सणाला शेतात बसून त्याच तोंडानं तांब्यामागून तांबे आंबील ढोसायचं, ही माणसांची तऱ्हा मी जन्मभर बघितली. बघून बघून मला माणसांचीच शिसारी बसली आहे.

सोनपेठच्या चंद्रभान कुंभारानं मला गोदाकाठच्या मातीतून घडवलं. केशरबाईनं मला बाजारातून उचललं, ते काही हौसेनं नव्हे. नामांतराच्या दंगलीत तिच्या वस्तीवर जमाव आला होता आणि घरातलं एकूण एक मडकं त्यानं उंबऱ्यावर आपटून फोडलं होतं. पाण्यानं भरलेल्या घागरीसुद्धा सोडल्या नाहीत. अशा हातांच्या गावाचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. चुलीमागं खापरांचा ढीग अजून पडला होता, त्याच्या शेजारी तिनं मला ठेवलं.

पुढची काही वर्षं बरी गेली. केशरबाई ज्वारीचं पीठ ताकात भिजवून माझ्यात ठेवायची. ते आंबलं की शिजवायची आणि गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालून पुन्हा माझ्यात ओतायची. तिचा मुलगा नागनाथ रात्री भाकरी खायचा, सकाळी तांब्याभर आंबील प्यायचा आणि मग पांदीनं नदीपर्यंत पळत जाऊन पळतच परत यायचा. त्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं. वयाची दोनच सालं हातात होती. त्याच्यापेक्षा घाई केशरबाईला होती. मडकी फुटली त्या दिवशी तिनं खाकी कपड्यातल्या माणसाची संध्याकाळपर्यंत वाट बघितली होती. पुढच्या वेळी तो माणूस वेळेवर यावा आणि आपल्यातला असावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण गावातली टवाळ पोरं नागनाथ जवळून गेला की नाक दाबायची. "आंबट आला, आंबट आला!" भरतीचे दिवस जवळ आले तसा तो चिडचिडा झाला. आणि माणूस चिडला की त्याला बरोबर बन्सीधरसारखाच कोणीतरी भेटतो.

हा बन्सीधर बाजारात गळ्यात डॉक्टरची नळी अडकवून बसायचा. ती नळी त्यानं कुणाच्या छातीला लावलेली कुणी बघितली नव्हती. एका संध्याकाळी तो नागनाथबरोबर घरीच आला आणि माझ्यासमोर दोन डबे मांडले. एका डब्यात केशरी भुकटी, दुसऱ्यात पांढरट.

"पळताना काय जळतं, मावशी?" तो केशरबाईला म्हणाला. "मांडीत साठलेली साखर. ती सरली की पाय लुळे. ही केशरी म्हंजे साखर, घशाखाली उतरली की पायात. आन ही पांढरी झाडाच्या मुळ्यांची भुकटी, ती तुमच्या लेकाला न्हाई. त्याच्या पोटातल्या चांगल्या किड्यांचा खुराक हाय."

"किडे?" केशरबाईनं पदर नाकाला लावला. "पोटात? आन त्यास्नी आमी जेवू घालायचं? शी, शी!"

"चांगले किडे, मावशी. ते खुश तर पोट खुश."

मित्रांनो, निम्मं खरं होतं, हीच तर पंचाईत. ते चांगले जीव मला ठाऊक आहेत. ताकाबरोबर ते माझ्यातही येतात, ज्वारी खातात आणि आपला आंबटपणा मागं ठेवतात. पोटातल्या जिवांचंही ज्वारीच्या कोंड्यावर बरं भागतं. त्यांच्या नावानं कुणी कधी डबे विकले नव्हते. निखळ खोटं बोलणारा माणूस परवडतो. खऱ्यात भेसळ करणारा मला फार ओंगळ वाटतो.

"ज्वारी बाभळीच्या लाकडावाणी सावकास जळती," केशरबाई म्हणाली. "साखर म्हंजे कापसाची वाळली पऱ्हाटी. भडका झाला की राख."

"आई, तुला काय कळतंय?" नागनाथ म्हणाला. "किती घ्यायची, बन्सीभाऊ?"

"जितकी ज्यादा, तितका जोर," म्हणून बन्सीधर डबे ठेवून गेला.

भरतीच्या आदल्या दिवशी सकाळी आई रानात गेली तेव्हा नागनाथनं दोन्ही डबे माझ्यातल्या ताज्या आंबिलात उपडे केले. आईचाही जोर आणि डब्यांचाही जोर, असा त्याचा हिशेब. वर घट्ट फडकं बांधलं. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं छप्पर आणि माझ्या पोटात ती केशरी घाण. दुपारपर्यंत बुडबुडे सुरू झाले. तिन्हीसांजेला मला मळमळायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं टोपीसारखं फुगलं होतं आणि मला जो वास येत होता तो माझा नव्हता. केशरबाईनं मला उचलून हुंगलं. "नागनाथ, हिच्यात काय घातलंस रे?" पण गाडी चुकेल म्हणून त्यानं ऐकून घेतलं नाही.

एसटीत केशरबाईच्या मांडीवर बसून मी परभणीला निघाले. खड्ड्या-खड्ड्याला माझ्या तोंडातून केशरी फेस शेजारच्या धोतरावर उडत होता. धोतरवाला उठून ओरडला, "कोन पिऊन बसलंय रे गाडीत?" सगळी गाडी हसली. मला कुठं तोंड लपवू असं झालं, पण बिंदगीला तोंडाशिवाय असतं काय?

मैदानाच्या तारेपाशी नागनाथनं माझ्यातले दोन तांबे पोटात रिचवले आणि रांगेत जाऊन उभा राहिला. आधी उंची, मग छाती, मग पळणं. त्याची उंची बसली. एका साहेबानं छातीला टेप लावला. "श्वास भर." नागनाथनं भरला. छाती चांगली फुगली. "सोड."

त्यानं सोडला. आणि श्वासाबरोबर माझ्यातला तो सगळा आंबूस, कुजका, दारूसारखा भपकारा ढेकर होऊन साहेबाच्या थेट तोंडावर गेला.

साहेबानं खिशातून रुमाल काढला. "नाव?" नाव, आडनाव, गाव सगळं ऐकून घेतलं आणि रुमालामागून हसला. "वाटलंच. सवलती पाहिजेत, नोकऱ्या पाहिजेत, आणि येणार पिऊन. चल, नीघ."

मित्रांनो, मला जन्मभर लोकांनी "शी" म्हटलं, पण त्या हसण्याची जेवढी किळस आली तेवढी कधी कशाची आली नाही. वास माझ्या पोटातला होता. आडनावाचा नव्हता.

केशरबाई मला कडेवर घेऊन तारेतून आत शिरली. "सायब, त्यानं थेंबभर दारू घेतली न्हाई. वास हिचा हाय, हिला हुंगून बघा. त्याला नुसतं पळू द्या. पळताना बघा, मग काय ते ठरवा."

साहेबानं मागं सरून हात झटकला. "ते घाणेरडं मडकं आधी बाहेर ने." रांगेतली बाकीची पोरं दात काढत होती. नागनाथनं सदरा उचलला आणि खाली मान घालून निघाला.

एसटी स्टँडच्या भिंतीशी त्यानं मला आईच्या हातातून ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. खाली फरशी होती. मला वाटलं, संपलं एकदाचं. खरं सांगायचं तर आत ते असताना जगायची मलाही हौस नव्हती.

केशरबाईनं त्याचं मनगट धरलं. आवाजही चढवला नाही.

"ठेव खाली. आपली मडकी फोडाया गाव पुरून उरलं. त्यात तुझा हात नको."

त्यानं मला खाली ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून रडला. केशरबाईनं मला गटाराशी नेऊन रिकामं केलं.

घरी तिनं मला राखेनं घासलं, उन्हात तापवलं, कडुनिंबाची धुरी दिली. पण मातीनं पोटात मुरवून घेतलेलं परत देता येत नाही. आंबिलासाठी दुसरी बिंदगी आली. मी दाराशी कोंबड्यांच्या पाण्याला लागले. कोंबड्या पाण्यात पाय घालतात आणि वर बाकीचंही करतात. त्याचं वर्णन करत नाही.

पुढच्या साली, वयाच्या शेवटच्या संधीला, नागनाथ रात्री दोन भाकरी आणि सकाळी नुसती आंबील पिऊन गेला. सोबत नवी बिंदगी गेली. मला कुणी विचारलंही नाही. ती तोऱ्यात परत आली आणि तिनंच सांगितलं. साहेब तोच होता. "श्वास सोड" म्हणाला. नागनाथनं सोडला. आंबट वास आला, लसणाचा आला. साहेबानं नाक मुरडलं, पण आंबट वासाविरुद्ध काही कायदा नव्हता. मग नागनाथ पळाला, आणि शेवटच्या फेरीत इतरांचे पाय जड झाले तेव्हा त्याचे नुकते कुठं गरम होत होते.

आता तो खाकीत घरी येतो तेव्हा दाराशी वाकून माझ्यात ताजं पाणी ओततो.

तुम्हाला एवढं सांगते, मित्रांनो. डबा रंगीत असो, नाहीतर विकणाऱ्याच्या गळ्यात नळी असो, आत ओतायच्या आधी हुंगून बघा. मडकं आणि पोट, दोन्ही आतून घासता येत नाहीत. आणि कुणाच्या अंगाला वास आला, तर तो कशाचा आहे ते आधी विचारा. आडनाव मागाहून विचारलंत तरी चालेल.