अर्धी दाढी आणि दोन कोंबड्या

जरा मागे टेका. बोलतेय ती मी, तुमच्या पाठीखालची न्हाव्याची खुर्ची. जन्म माझा मनिलातल्या एका कारखान्यात. लाल कातडं, चकाकते हात, पायाने दाबलं की वर जाणारी. मग ट्रकमधून घाट चढत या थंड बागियोत आले. पहिले आठ दिवस कातडं नुसतं आखडलं होतं. आता धुकं दारात येऊन उभं राहिलं तरी मला काही वाटत नाही.

माझा मालक फर्मीन. हातापेक्षा जीभ जास्त चालते त्याची. मी माणूस वजनावरून आणि चुळबुळीवरून ओळखते. नवरदेव बसला की माझे हात घामाने ओले होतात, पुढारी बसला की त्याची मान आरशासमोरून हलत नाही. पण कोणीही बसो, गाडी शेवटी एकाच गोष्टीवर येते: एमएमएचा, म्हणजे पिंजऱ्यातल्या झुंजीचा, आजवरचा सर्वांत थोर लढवय्या कोण? इथे घरटी कोणाचा तरी भाचा पिंजऱ्यात उतरलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न घरचाच.

फर्मीनचा देव एक रशियन, कधीच न हरलेला. त्याचा मित्र अलिप्यो, कोपऱ्यावरच्या तालमीत पोरांना शिकवणारा. त्याचा देव एक ब्राझीलवाला, चारदा आपटी खाऊनही विजेत्याचा पट्टा मिळवणारा. दर शनिवारी अलिप्यो दाढीला यायचा, आणि बारा वर्षं हे दोघं माझ्या डोक्यावर भांडायचे. मला ते फार आवडायचं.

एका शनिवारी अर्धी दाढी झाली होती.

"मनोंग, तुझा रशियन गडी निवडून निवडून लढला," अलिप्यो फेसातून म्हणाला. मनोंग म्हणजे दादा. फर्मीन त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून तो याला आदिंग म्हणतो, धाकटा भाऊ.

"जो हरला तो हरला, आदिंग. थोरांच्या यादीत हरणाऱ्यांची गर्दी कशाला?"

अलिप्योची बोटं माझ्या हातांवर आवळली. तो स्वतः अकरा झुंजी लढला होता आणि त्यातल्या सात हरला होता. फर्मीनला ते बोलून गेल्यावर आठवलं. अलिप्योने टॉवेलने फेस पुसला, "उरलेली राहू दे," म्हणाला आणि निघून गेला.

सहा शनिवार तो आला नाही. इथल्या माणसांना मुळात दाढी कमी. त्याच्या एका गालावर दहाबारा केस बोकडासारखे लोंबू लागले, आणि दुकानावरून जाताना तो मुद्दाम तोच गाल आमच्याकडे करायचा. फर्मीन गुपचूप कात्री चालवायचा. त्याच्याकडे गिऱ्हाइकं पुष्कळ होती, मित्र तेवढा एकच होता.

"बोलवा की तुमच्या रशियनाला गप्पा मारायला," त्याची बायको दुमिंगा म्हणाली. मग तिलाच कीव आली. "कोंबडी कापा. लाकाय बायासेनना बोलवा, अलिप्योलाही बोलवा."

आमच्याकडे समेट असाच होतो. लाकाय, म्हणजे जाणता म्हातारा, कोंबडीच्या काळजाला चिकटलेलं पित्त बघतो. भरलेलं असलं तर शुभ, सुकलेलं असलं तर अशुभ. पण फर्मीनला तिथेही दीडशहाणपणा सुचला. त्याने दोन कोंबड्या आणल्या, एक रशियनाच्या नावाची, एक ब्राझीलवाल्याच्या. पित्तच निकाल देईल म्हणे.

लाकायना मानाची जागा म्हणून माझ्यात बसवलं. दुमिंगाने वाडगा आणला. दोन्ही काळीजं तिने एकाच वाडग्यात घातली होती. एक पित्त टपोरं, दुसरं सुकलेलं.

"यातलं कुठलं कोणाचं?" फर्मीन घाबरला.

"मला काय माहीत? आत कोंबडीच निघाली, रशियन नाही निघाला."

"पित्ताला घरादाराचं विचारतात," लाकाय म्हणाले. "अमेरिकेतल्या मारामारीचं काय विचारता, गाढवांनो?"

दारात उभा अलिप्यो पहिल्यांदा बोलला. "सुकलेलं माझ्या माणसाचं धरा. आम्हाला सवय आहे."

फर्मीनचा चेहरा उतरला. "नाही. सुकलेलं रशियनाचं."

"तो कधी हरत नाही ना?"

"आज हरला."

"मनोंग, दया नको. माझाच हरला."

"माझा हरला म्हणतोय ना मी."

बारा वर्षं आपापला गडी खांद्यावर मिरवणारे हे दोघं आता त्याला पाडायला हातघाईवर आले. लाकाय इतके हसले की माझे स्क्रू खिळखिळे झाले. "तिकडे रस्सा निवतोय," ते डोळे पुसत म्हणाले.

जेवण झाल्यावर अलिप्यो आपणहून माझ्यात येऊन बसला. फर्मीनने उरलेल्या गालाला फेस लावला.

"रशियनाला मी पडद्यावरच पाहिलंय," तो हळूच म्हणाला. "तुला समोर पाहिलं. तुझ्या शेवटच्या झुंजीत. हात मोडला होता, तरी घंटा झाली तेव्हा तू उठलास. हरलास. पण शेजारच्या अनोळखी माणसाला मी दोनदा सांगितलं, तो माझा मित्र आहे म्हणून. तुला मात्र कधीच सांगितलं नाही."

माझ्या हातांवरची बोटं सैल पडली.

"मग सर्वांत थोर कोण?" अलिप्योने विचारलं.

"हलू नकोस. कापेल."

आता माझं कातडं फाटलंय, चिकटपट्ट्या लावून चालवलंय, वर चढवलं तरी मी सावकाश खाली येते. तक्रार नाही. वाद अजून मिटलेला नाही आणि मिटू नये असंच मला वाटतं. फक्त हरणाऱ्यांविषयी बोलताना फर्मीन आता आवाज खाली आणतो.

तुमची दाढी झाली वाटतं. मग उठा, रागावू नका. आज शनिवार आहे, आणि बाहेर बाकावर तो केव्हाचा बसलाय.